ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

बाबा,

परवा तुमच्या मंडळातले लोक घरी आले होते. तुमच्यावर एकपानी पत्रक काढायचं म्हणतात. जन्म कुठला, प्लांटमध्ये कधी लागलात, कोणकोणत्या लढ्यांत होतात, सगळं एका कागदावर लिहून मागितलं. "तू तर पत्रकंच लिहिते, तुले काय वेळ लागते?" म्हणाले. मी हो म्हटलं आणि टेबलाशी बसले. 'सर्वांचे लाडके' एवढं लिहिलं आणि खोडून टाकलं. तुम्हाला लाडके म्हटलेलं चाललं नसतं. आणि खरं सांगायचं तर शेवटचे दोन महिने मी तुमच्याशी लाडानं बोललेच नव्हते. आपण भांडत होतो. पाच वर्षांच्या एका पोरीला सकाळी शाळेसाठी कसं उठवावं, यावर.

पत्रकात हे बसत नाही. म्हणून वेगळं लिहिते आहे.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये, मी तुमच्या पत्रकांवर वाढले. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी. मराठी फक्त घरात, आणि नागपूरहून येणाऱ्या त्या पिवळ्या-गुलाबी कागदांवर. मला वाचता येऊ लागलं ते 'बंधू आणि भगिनींनो' यावर. मैद्याची खळ शिजवायची, ती निवेपर्यंत मी आणि ताईनं कागदांच्या घड्या घालायच्या, आणि रविवारी सकाळी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी भिंती शोधायला निघायची. तुम्ही ब्रश फिरवायचात, मी कागद धरायची. "वाकडा नको लावू व," तुम्ही म्हणायचात. "लोक मान वाकडी करून वाचतील, अन् मग म्हणतील मान दुखून राहिली, अन्यायाचं नंतर पाहू."

त्या कागदांनी मला एक सवय लावली. कुठंही गेलं की इथं कोण दाबतं आहे आणि कोण दबलं आहे, हे आधी पाहायचं. ही सवय तुमच्या हातून आलेली, म्हणून ती कधी चुकणार नाही, असं मी धरून चालले होते.

ताईची पोरगी मैत्री, सकाळी उठणारं पोर नव्हतंच. डोळ्यांआधी तिचं तोंड उघडायचं, आणि त्यातून 'नाही' निघायचं. ताई नर्स, पहिल्या पाळीला सहालाच घर सोडते. भाऊजी रेल्वेत, आठवड्यातून दोन दिवस घरी. ताईनं ओरडून पाहिलं, मोबाइल दाखवून पाहिलं, एकदा थापड मारली आणि नंतर मोरीत जाऊन स्वतःच रडली. मैत्री दिवाणाची पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. एक हात सोडवला की दुसरा पक्का. क्वार्टर सोडून घेतलेलं कुरुदचं हे घर तेव्हा नवीन होतं, आणि रोज सकाळी ते शेजाऱ्यांना आपलं सगळं ऐकवत असे.

मग एका रविवारी तुम्ही बुटाच्या खोक्याचं झाकण घेऊन बसलात. ते लाल रंगवलंत, भोक पाडून त्यात पांढरी दोरी ओवलीत. मैत्री शेजारी येऊन उभी राहिली.

"हे काय आहे, आबाजी?"

"हा टॅग. मशीनमध्ये माणूस काम करून राहिला, तर तो आधी स्विचवर आपला टॅग लावते. त्याच्यावर त्याचं नाव. मग ती मशीन चालू करायची कोणाची हिंमत नाही. मोठा साहेब आला तरी नाही."

"मम्मी आली तरी?"

"मम्मी आली तरी."

"अन् मावशी?"

"मावशीच्या तर बापाची हिंमत नाही." आणि तो बाप आपणच, हे लक्षात येऊन तुम्हाला इतकं हसू आलं की खोकला लागला.

"मग काढते कोण?"

"ज्यानं लावला तो. दुसरं कोणीच नाही."

तुम्ही आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये राबलात, त्यामुळे ह्या पाटीवर कवटी आणि दोन हाडं काढायची हे तुमच्या हाताला पाठ होतं. पण तिनं बजावलं, "खोपडी नको. मांजर बनवा." तुमच्या मांजराला शिंगं आल्यासारखी दिसत होती. खाली तिनं स्वतः नाव लिहिलं, मै मोठा, त्री जागा उरली तेवढा.

त्या दिवसापासून ती झोपताना टॅग दिवाणाच्या पट्टीला बांधू लागली. आणि तुम्ही पाचला उठू लागलात. हे मला फार उशिरा दिसलं. लोक म्हणायचे, आजोबांकडे जादू आहे, पोरगी कशी हसत तयार होते. जादू कसली. सकाळी जी घाई सगळ्या घराच्या अंगावर पडायची, ती तुम्ही तुमच्या झोपेतून कापून घेत होतात.

सहाला तुम्ही प्लास्टिकचं स्टूल घेऊन मच्छरदाणीबाहेर बसायचात. तिच्या अंगाला हात नाही, नावानं हाक नाही. "पहिली पाळी आली," तुम्ही भिंतीकडे बघत म्हणायचात. "रात्रपाळीनं चार्ज द्यावा."

आतून काही नाही.

"रिपोर्ट असा आहे. पाणी गरम. चीला तव्यावर जाऊन राहिला. मोजे सापडले, एक. दुसऱ्याचा तपास चालू आहे."

बराच वेळ गेल्यावर आतून जाड आवाज यायचा, "दुसरा गादीखाली आहे."

"नोंद केली. रात्री काही झालं?"

"बकरी आली होती. प्लांटमध्ये घुसली."

"पास होता तिच्याजवळ?"

"नव्हता."

"मग मी पाहतो तिचं. तू सुटली."

स्वप्नाचा चार्ज असा तुमच्या हाती आला, की मच्छरदाणीतून एक पाय बाहेर यायचा. तुम्ही त्या पायात मोजा घालायचात. कधीकधी तो एकच पाय यायचा. दुसऱ्या मोज्याची गुंडाळी हातात धरून तुम्ही दहा-दहा मिनिटं बसून राहायचात, जणू जगात दुसरं काम नाही. मग दुसरा पाय. मग ती उठून बसायची, पट्टीवरची गाठ स्वतः सोडायची आणि टॅग तुमच्या हातात द्यायची. तुम्ही तो आरशाशेजारच्या खुंटीला अडकवायचात. खुंटीवर टॅग आला, की मग वेणी, रिबीन, धिरड्यासारखा तो चीला, कशाचंच भांडण उरायचं नाही.

पण गाठ कधी पाच मिनिटांत सुटायची, कधी चाळीस. व्हॅन सव्वासातला दारात हॉर्न देऊन निघून जायची. मग तुम्ही स्कूटरवर तिला नेऊन सोडायचात, आणि कधी शाळेचं गेट बंद झालेलं असायचं. डायरीत 'उशिरा आली' असा तिसरा शेरा आला, तेव्हा ती डायरी मी तुमच्या तव्याशेजारी नेऊन ठेवली.

"बाबा, आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दाराबाहेर उभं केलं. हिच्यासाठी ते दार उघडं आहे, आणि तुम्ही हिला एका पुठ्ठ्यापायी बाहेर ठेवता?"

"पुठ्ठ्यापायी नाही."

"मग कशापायी?"

"तिनं नाही म्हटलं, त्याच्यापायी."

"ती पाच वर्षांची आहे!"

"मग किती वर्षांची झाल्यावर तिचं नाही हे नाही होईल? तारीख सांग. कॅलेंडरवर लिहून ठेवतो."

"हा निव्वळ लाड आहे. तुम्ही त्याला तत्त्व म्हणून राहिले."

"काढ पत्रक माझ्याविरुद्ध. खळ मी शिजवून देतो."

ताई ड्यूटीला निघत होती, ती हसली. मला राग आला. मी ते बोलले जे मला परत घेता येणार नाही. म्हणाले, "तुम्ही भिता. पोरगी रडेल, नाराज होईल, याला भिता. जन्मभर साहेबांना भ्यायले नाहीत, आणि रिटायर होऊन एका पोरीले भिऊन राहिले."

तुमच्या हातात उलथनं होतं. तव्यावरचा चीला कडेनं तपकिरी झाला, मग काळा. तुम्ही तो उलटलाच नाहीत. धूर झाल्यावर गॅस बंद केलात.

"भितो ना," तुम्ही म्हणालात. "कोण म्हणते नाही भीत? सांगीन तुले एक दिवस."

मी विचारलं नाही. मला मोहन नगरला कोचिंगमध्ये शिकवायला जायचं होतं, बॅच आठची होती. मी घाईत होते.

फेब्रुवारीत तुम्हाला श्वास पुरेना म्हणून पहिल्यांदा भरती केलं, तेव्हा दोन सकाळी माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या दिवशी मी मैत्रीला शिक्षणाचं महत्त्व समजावलं. ती मच्छरदाणीतून टकटक पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी व्हॅनचा हॉर्न वाजला आणि मी चादर ओढून काढली, तिला तशीच उचलली. तिनं लाथा घातल्या, माझ्या दंडावर नखं उमटली. युनिफॉर्म रडतच चढला. शाळेत वेळेवर पोचली. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला मी हे अभिमानानं सांगितलं. तुमच्या नाकाला नळी होती.

"टॅग काढला तू?"

"टॅगला हात लावला नाही. चादर काढली. तुमच्या नियमात चादर येत नाही."

"वकील झाली," तुम्ही म्हणालात आणि तोंड भिंतीकडे केलंत.

घरी आल्यावर तुम्ही परत स्टुलावर बसू लागलात. रिपोर्ट लहान होत गेला. "पाणी. चीला. मोजे." मध्ये श्वास घ्यावा लागायचा. मैत्री तिकडून उरलेलं स्वतःच पूर्ण करायची. "एक सापडला, दुसऱ्याचा तपास चालू आहे, हो ना आबाजी?" शेवटच्या आठवड्यात तर ती तुमच्यासाठी लवकर गाठ सोडत होती. मी दारातून पाहत होते आणि मनात म्हणत होते, बघा, मनात आणलं तर उठते की वेळेवर.

दुसऱ्यांदा भरती केलं ते परत आलात नाहीत. म्हणजे आलात, संध्याकाळी, गाडीतून. निघायचं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ठरलं.

ती सकाळ मला लिहायची नव्हती. पण पत्रक न लिहिता हे लिहायला बसले ते त्याच सकाळसाठी.

अंगणात पुरुषांनी तुम्हाला आंघोळ घातली. पांढरे कपडे घातले. कोणी हात उचलला, कोणी बाही ओढली, कोणी मान धरली. सगळ्यांचे हात जपून चालले होते, पण खूप हात होते. मैत्री उंबऱ्यात बसून सगळं पाहत होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, तिला कशाचंच भान नव्हतं. मैत्रीनं मला विचारलं, "आबाजींना विचारलं का कोणी?"

मी म्हणाले, "आत जा."

ती आत गेली. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून तुमच्या पायाशी येऊ लागले. पाय चादरीबाहेर ठेवले होते. तेवढ्यात ती माणसांच्या पायांमधून वाट काढत आली, हातात लाल पुठ्ठा. कोणाच्या लक्षात येण्याआधी तिनं तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरीचे दोन वेढे दिले आणि गाठ मारली. तुम्हीच शिकवलेली गाठ. मग वळून सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, "आबाजी झोपून आहेत. टॅग लगा है. कोणी हात नाही लावायचा."

कोणीतरी हुंदका दिला. कोणी "अरे रे" म्हणालं. मग सगळे थांबले. खांदा द्यायला वाकलेले चार जण वाकलेलेच राहिले. ते सगळे तुमचे जुने सोबती, त्या पाटीवर नाव टाकून मशीनमध्ये शिरलेले, आणि त्यांच्यातल्या एकाचाही हात पुढे झाला नाही. बाहेर गाडीवाला ओरडत होता, "जल्दी करो भैया, मुक्तिधाम में दूसरी गाड़ी भी खड़ी है."

मग लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलणारी, मी लिहिणारी. मी काहीतरी करेन असं सगळ्यांना वाटलं.

मी काढला, बाबा. मला वाटलं हेच शहाणपण आहे, कोणीतरी खंबीर व्हायला हवं. गाठ सुटेना. मी दोरी अंगठ्यावरून ओढून काढली. तुमचा पाय थोडा हलला. मैत्री तुमच्याकडे पाहत नव्हती. माझ्या बोटांकडे पाहत होती. ती रडली नाही, ओरडली नाही, मला लाथ मारली नाही. टॅग मी कुर्त्याच्या खिशात घातला, आणि त्या चौघांनी तुम्हाला उचललं.

त्यानंतर ती शाळेत गेली नाही. उठवलं तर उठायची नाही, उचललं तर कपड्याच्या बोचक्यासारखी लोंबायची. दिवाणाची पट्टीसुद्धा धरायची नाही. भांडण नावालाही नव्हतं. बिनभांडणाची सकाळ कशी असते, ती अशीही असते, हे मी तेव्हा पाहिलं. ताई म्हणाली, "लहान आहे, विसरून जाईल." माझ्याशी मैत्री गरजेपुरतंच बोलत होती, पाहुण्यांशी बोलतात तसं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लखन काका आले. प्लांटमध्ये लागायच्या आधीचे तुमचे दोस्त. आम्ही लहान असताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नसणं ही आमच्यासाठी मोठी मौज होती. कुठं गेली विचारलं की दर वेळी नवं उत्तर. कधी शिवनाथ नदीतली मगर, कधी बायको. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ते आरशाशेजारच्या खुंटीकडे पाहत बसले. मैत्रीचा लाल पुठ्ठा त्यांनी दर रविवारी तिथं पाहिला होता.

"टैग कहाँ है, नोनी?"

मला ते अजून नोनी, म्हणजे पोरी, असंच म्हणतात. मी खिशातून काढून दाखवला. काय झालं तेही सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तेरे बाबूजी ने तुझे बताया नहीं कभी?"

"काय?"

"हम दोनों एक छोटे कारखाने में थे. मैं टैग लगा के मशीन के अंदर गया था. बाहर सेठ चिल्ला रहा था, माल लेट हो रहा है, माल लेट हो रहा है. तेरे बाबूजी नए थे, उन्नीस-बीस के. उनको लगा मैं निकल गया. टैग उतारा, स्विच दे दिया." त्यांनी हात उचलून दाखवला, जसा लहानपणी दाखवायचे. "मगर-वगर कुछ नहीं था."

 मी विचारलं, "काका, तुम्हाला राग नाही आला?"

"आया ना. छह महीना बात नहीं किया. वो रोज सुबह आता था, दरवाजे के बाहर बैठता था. न बुलाता था, न माफी माँगता था. ड्यूटी का टाइम हुआ कि उठ के चला जाता. एक दिन मैं ही बोला, अंदर आ जा रे, मच्छर खा जाएँगे तुझे."

बाबा, तुमच्यावर मला इतका राग आजवर कधी आला नव्हता. एवढा मोठा पुरावा जवळ असताना तुम्ही माझ्याकडून हरत राहिलात. एका वाक्यात मला गप्प करू शकत होतात. मी तुम्हाला भित्रा म्हटलं आणि तुम्ही चीला जाळलात, पण बोलला नाहीत. सांगीन एक दिवस. कोणता दिवस? आणि त्या सेठचं काय? घाई त्याची होती, बोटं लखन काकांची गेली, आणि तो आपल्या घरी सुखानं झोपला असेल. तुम्ही मात्र चाळीस-पन्नास वर्षं तेवढं एकट्यानं ओढत आणलंत, थेट मैत्रीच्या मच्छरदाणीपर्यंत. यावर मी पत्रक लिहिलं असतं, बाबा. मोठ्या टाइपात.

आणि मग आठवलं की त्या सकाळी मीही कोणाच्या तरी ओरडण्यावर हात चालवला. माझ्या दारात सेठ नव्हता. एक गाडीवाला होता, त्याला दुसरी फेरी करायची होती. तो पाच मिनिटं थांबला असता. गाठ मैत्रीनं मारली होती, तिला कोणी विचारलंच नाही. मी तिच्याजवळ बसून म्हणू शकले असते, बाई, आबाजींना निघायचं आहे, तू सोड. सोडली असती का? माहीत नाही. नसती सोडली तर काय केलं असतं, तेही माहीत नाही. या एका प्रश्नावर मला आपलं भांडण परत सुरू करायचं आहे, आणि समोर कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी टॅग मैत्रीला परत दिला. ती अंगणात पायरीवर बसली होती. मी खाली बसले.

"हा मी काढला होता. तू लावलेला. मी काढायला नको होता."

तिनं पुठ्ठा उलटसुलट पाहिला. एक कोपरा दुमडला होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून सरळ केला.

"तू काढला नसता तर आबाजी गेले नसते?"

बाबा, पत्रकं लिहून मला खूप प्रश्नांची उत्तरं देता येतात. या प्रश्नाला मी खोटं बोलू शकत होते, गोड बोलू शकत होते. तुम्ही काय म्हणाला असतात याचा विचार केला, आणि सापडलं नाही. मग जे खरं होतं ते म्हटलं.

"गेले असते. पण तू काढल्यावर गेले असते."

ती टॅग घेऊन आत गेली. रात्री दिवाणाच्या पट्टीला टॅग बांधला होता. ताईनं मला खुणेनं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठते आहे. पाणी तापवते, चील्याचं पीठ कालवते, तुमचं स्टूल मच्छरदाणीबाहेर ठेवून त्यावर बसते. पहिल्या दिवशी भिंतीकडे बघून म्हणाले, "पहिली पाळी आली. रात्रपाळीनं..."

आतून लगेच आवाज आला. "ते आबाजींचं आहे. तू नको बोलू."

मग मी बोलत नाही. नुसती बसते. हातात मोज्यांची गुंडाळी. बसून राहणं मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पहिले दोन दिवस डोक्यात फक्त भाषणं चालली होती, शाळेला लिहायचे अर्ज, तुम्हाला द्यायची उत्तरं. सव्वासातला हॉर्न वाजतो, दोनदा, मग व्हॅन जाते. ती गेल्यावर जी शांतता होते ती मी कधी ऐकली नव्हती, कारण मी नेहमी तिच्यामागे धावत असायची. शाळेतून फोन आला. मी म्हणाले, येईल. कधी विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं यावर तुम्ही विश्वास ठेवला नसता. एका सकाळी ताईच चिडली. "आणखी किती दिवस हे नाटक चालवून राहिली तू? उचल अन् टाक व्हॅनमध्ये." मी तिला म्हणाले, तारीख सांग, कॅलेंडरवर लिहून ठेवते. तिनं पर्स उचलली आणि ड्यूटीला निघाली. दारात तिनं डोळे पुसले.

तरीही मला अजून वाटतं की शाळा बुडू नये. हे तुम्हाला ठणकावून सांगते. पोरीचं नाही हे नाही, आणि शाळेचं बंद होणारं गेट हेही खरं, आणि या दोघांच्या मध्ये रोज सकाळी एक तास असतो, तो कोणीतरी आपल्या अंगातून काढून द्यावा लागतो. तुम्ही देत होतात. बाकी जगात तो तास कोणाकडे आहे, हे तुम्हाला विचारायचं राहिलं. ताईकडे नाही. सहालाच घर सोडणाऱ्या कोणाकडेच नाही. तुम्ही म्हणाला असतात, याच्यावर काढ पत्रक. काढीन.

आज सकाळी पावणेसातला मच्छरदाणीतून पाय बाहेर आला. एकच. मी मोजा घातला. टाच वाकडी बसली. तिनं पाय आत नेला नाही. मी दुसरा मोजा धरून बसले. किती वेळ ते पाहिलं नाही. मग दुसरा पाय आला. मग ती उठून बसली, पट्टीवरची गाठ सोडली, तिला वेळ लागला, मी हात मांडीखाली दाबून ठेवले. दात घासले. वेणी घालू दिली. चीला अर्धा खाल्ला, जाड झाला म्हणाली. स्वप्न पडलं होतं का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

निघताना टॅग तिच्या हातात होता. मी हात पुढे केला, तुमच्यासारखा खुंटीला अडकवायला.

"नको," ती म्हणाली. दप्तराची चेन उघडली, टॅग पुस्तकांच्या मध्ये नीट सरकवला आणि चेन लावली.

"अगं, शाळेत हरवेल. घरी ठेव ना."

तिनं बूट घातले. वेल्क्रोची पट्टी लावली, परत काढून परत लावली. मग माझ्याकडे न पाहता, अजिबात न रागावता म्हणाली,

"घरी तू आहेस."

हॉर्न वाजला. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि व्हॅनमध्ये चढली. आज वेळेवर पोचली असेल, बाबा. खुंटी रिकामी आहे. स्टूल मी अजून उचललेलं नाही. तुम्ही लखन काकांच्या दाराबाहेर सहा महिने बसला होतात. माझे आत्ता आठच दिवस झालेत.